ताईला विचारायची तीन कार्डं

मंगळवार, ४ मार्च
ताईची वाचा गेली. जन्मभर मला बोलू न देणारी बाई! मेंदूत गाठ आहे. उजवा हात-पायही लुळा. डॉक्टर म्हणाले, "काढली तर कदाचित बोलतील. पण जिवाला धोका आहे. समजतं त्यांना, त्यांनाच विचारा. सगळं एकदम नको, दोन-दोन पर्याय समोर ठेवा."

शुक्रवार, ७ मार्च
तिच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून तासभर बसलो. ढुंकूनही पाहिलं नाही. भाचीला म्हटलं, "रुसलीय तुझी आई." मग रुसायची कारणं आठवत बसलो. सतरा सापडली.

शनिवार, ८ मार्च
तीन कार्डं केली: ऑपरेशन, लेकीकडे, आपलं घर. संस्कृतात दोघांतल्या सरसाला 'तर' लागतो, सगळ्यांतल्या सरसाला 'तम'. डॉक्टरांची युक्ती तीच — 'तर'च्या पायऱ्यांनी 'तम' गाठायचा. कार्डं मांडली बातमीसारखी, महत्त्वाचं आधी. मोठ्याने वाचूनही दाखवली. नजर थांबेल ते उत्तर.

ऑपरेशन की लेकीकडे? ऑपरेशन. ऑपरेशन की घर? ऑपरेशन. लेकीकडे की घर? लेकीकडे. उत्तरं कुठे गोल फिरली नाहीत, चक्रक दोष नाही! तीस वर्षांच्या वार्ताहरकीत इतकी स्वच्छ मुलाखत मिळाली नव्हती.

भाची म्हणाली, "मामा, कार्डं पिसून परत विचार ना. आई आणि घर सोडून माझ्याकडे?"
म्हटलं, "पेशंट आहे ती, परीक्षेला नाही बसलेली."
खरं म्हणजे मलाच दुसरं उत्तर नको होतं. तिचा आवाज हवा होता — शिव्या का असेनात.

सोमवार, १० मार्च
सही केली.

गुरुवार, १३ मार्च
ताई गेली. टेबलावरच.

रविवार, २३ मार्च
कार्डं अजून खिशात. घरात कुठेही बसलो तरी वाटतं, ती बघतेय. मान वळवून शोधतो. कुणी नाही. तिचीच इच्छा होती — दिवसातून दहादा स्वतःला बजावतो. अकराव्यांदा पटत नाही.

बुधवार, २६ मार्च
वॉर्डातल्या मावशी ताईचा चष्मा द्यायला आल्या. जाताना सहज म्हणाल्या, "उजवीकडचं दिसायचंच नाही हो त्यांना. ताटातलं तेवढं तसंच राहायचं. मी ताट फिरवून द्यायचे, मग जेवायच्या."

कार्डं टेबलावर पुन्हा तशीच मांडून पाहिली.

घर दोन्ही वेळा तिच्या उजवीकडे होतं.