पिशवी नऊ वेळा दिसते

शहापूर, मंगळवार

प्रिय इंद्रजीत,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं आहे. पत्र वाचून झाल्यावर तो शब्द तुला खोडावासा वाटला तर खुशाल खोड, जागा सोडून लिहिला आहे. शहापूरहून मुरबाडला कोणी पत्र लिहितं का आजकाल, असं वंदनाने विचारलं. मी म्हटलं, फोनवर इंद्याला माझा आवाज ऐकू येतो. यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी न सांगता भांडी घासायला लागलो की ती बघते. माझ्या कॉलेजात मुरबाडहून येणारे चार जण आहेत, पण हे पत्र मी त्यांच्यापैकी कुणाच्याही हाती देणार नाही. टपालानेच येईल, पोचपावतीसकट. का, ते पुढे कळेल.

शनिवारी वाचनालयात तुझा पहिलावहिला, अठरा मिनिटांचा चित्रपट बघितला. येत्या रविवारी मुरबाडच्या वाचनमंडळात मला त्याच्याच आशयसूत्रांवर बोलायचं आहे. ‘साहित्य, काव्य आणि चित्रपट : मुख्य आशयसूत्रे’ असा फलकही लागलाय म्हणे. माझं नाव तूच सुचवलंस. संशयाची पहिली नोंद इथली. गेल्या अठ्ठावीस वर्षांत मी एकदाही चित्रपटावर बोललेलो नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

संशय तसा मला नवा नाही. आजोबांनी बुद्धाला शरण जाऊन सोडलेल्या धर्माची भाषा, संस्कृत, नातू शिकायला निघाला, तेव्हा घरचे आणि दारचे दोघेही माझ्याकडे संशयानेच बघत होते. पण त्या शिक्षणाने एक दिलं. ग्रंथाचं तात्पर्य कसं ओळखावं, याच्या जुन्या लोकांनी खुणा सांगून ठेवल्यात. आरंभ आणि शेवट जुळतात का बघावं. काय पुन्हा पुन्हा येतं ते मोजावं. आणि जे दुसरीकडे कुठेच सापडत नाही, त्याच्यावर बोट ठेवावं. मुलांना मी हेच शिकवतो, कविता असो की नाटक. शनिवारी पहिल्यांदाच वाटलं की ही जुनी मंडळी जरा कमी हुशार असती तर बरं झालं असतं.

कारण तुझा नायक म्हशाच्या जत्रेत शिरतो तेव्हा त्याच्या खांद्यावर पिशवी असते, आणि बाहेर पडतो तेव्हाही असते. आरंभ-शेवट जुळले. ती पिशवी नऊ वेळा दिसते. मी मोजली. बैलबाजारात, पाळण्याखाली, खाज्याच्या दुकानापाशी, आणि एकदाही तो ती उघडत नाही. तिचा पट्टा लाल दोऱ्याने शिवलेला आहे. खाकी पिशवीला लाल दोरा, इंद्या! माझ्या आईला त्या दिवशी दुसरा दोरा मिळाला नव्हता. अशी पिशवी अख्ख्या तालुक्यात एकच होती आणि ती माझ्या खांद्यावर असायची. त्यावर कडी म्हणजे घोंगड्या विकणारा म्हातारा. दोनच सेकंद दिसतो, पण मी ओळखला. धसईचे भगीरथ पोस्टमन. नटांचा एवढा दुष्काळ पडला होता का रे?

चित्रपट संपल्यावर प्राध्यापक मंडळींनी ‘एकाकीपण’, ‘विस्थापन’ वगैरे शब्द काढले. मी मान डोलवत होतो. मागून वाचनालय झाडणाऱ्या सकुबाई उठल्या नि म्हणाल्या, “ता समदा खरा, पन तो बाबा ती पिशवी उघडून का नाय बगत? त्यात दुसऱ्याचा काय हाय का?” सगळे हसले. मला मात्र पाणी प्यायला बाहेर जावं लागलं.

आणि सोमवारी सकाळी तुझा फोन. “सद्या, पिशवीत काय हाय ते लोक इचारतात. मला पन नाय माहीत, बग. सुचला तसा केला. तू शिकलेला, तूच सांग रविवारी.” वाक्य साधं होतं. पण तू ‘तूच’वर जरा थांबलास. की मला तसं वाटलं? काल दिवसभर मी त्या थांबण्यावर भाष्य करत बसलो होतो.

तर ऐक, रविवारच्या आधी. आपण दोघांनी एकाच दिवशी पुण्याला सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज टाकले होते. भगीरथ रोज वरच्या वाड्यांवर चढायचे नाहीत. धसईच्या एसटी थांब्यावर उभे राहून वर जाणाऱ्याच्या हाती टपाल द्यायचे, “तुझ्याच वाडीचा हाय ना, घेऊन जा.” सगळे न्यायचे आणि कुणाचं पत्र कधी हरवलं नाही. त्या पौषात त्यांनी मला एक पाकीट दिलं. कोपऱ्यात त्या संस्थेचं नाव, मधे तुझं. माझ्या नावाचं काही नव्हतं. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा बघितलं, नव्हतं. त्याच संध्याकाळी आपण जत्रेला गेलो. तू मला खाजा भरवलास आणि पाकीट पिशवीत होतं. उद्या देऊ म्हटलं. मग परवा. मग इतका उशीर झाला की देणं हाच गुन्हा वाटायला लागला. उन्हाळ्यात तूच म्हणालास, उत्तर नाय आलं रे, आणि मी म्हणालो, आपल्यासारख्यांना कोण उत्तर देतंय. मग तू कारखान्यात पाळ्या करायला लागलास आणि मी संस्कृताकडे गेलो. तिथे कुणालाच नाही म्हणत नसत. वर्गात आम्ही तिघे होतो.

ते पाकीट सोबत जोडलं आहे. माझ्या शब्दकोशात होतं, पानं पिवळी झाली तसं तेही झालंय. बघ, ते बंद आहे. तुला बोलावलं होतं की नकार कळवला होता, मला आजही ठाऊक नाही. न वाचलेल्या मजकुरावर मी अठ्ठावीस वर्षं टीका लिहीत आलोय. तुला सगळं माहीत होतं आणि तू वाट बघत होतास, असं असेल तर चित्रपट उत्तम जमलाय. तुला काहीच माहीत नव्हतं, तर मी आत्ता स्वतःच सांगून बसलो. दोन्ही पक्षांत निकाल एकच, म्हणून मी चौकशी थांबवली. रविवारी मी येईन आणि सकुबाईंच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांदेखत देईन. मला बोलूच द्यायचं नसेल तर मंडळाला तसं कळव. पाकीट तू उघडलंस तर आत काय निघालं ते सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव. मला विचारायचा अधिकार नाही.

उत्तर येईपर्यंत तरी तुझाच,
सदानंद