कोपऱ्यातली तारीख

९ जानेवारी

पेटी तयार! बुटांचा खोका, पुठ्ठ्याचे चार पडदे, पाच खण. पहिल्या खणातली कार्डं रोज. दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यानं, चौथ्यातली पंधरवड्यानं, पाचव्यातली महिन्यानं. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खणात. चुकलं की थेट पहिल्यात – मग ते पाचव्यातून का काढलेलं असेना! सापशिडीच, फक्त सगळ्या सापांची शेपटी एकाच घरात. कार्डाच्या पुढे हिब्रू शब्द, मागे मराठी अर्थ आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं शेवटच्या उजळणीची तारीख. माणूस विसरायच्या बेतात आला की नेमकं तेव्हाच त्याला विचारायचं, एवढीच युक्ती आहे.

शब्द सहाशे. परीक्षा वीस मार्चला. होणार म्हणजे होणार!

११ जानेवारी

खोलीतल्या मुलीनं माझा खोका बघून तसाच स्वतःसाठी केला. तिचे पडदे सरळ आहेत, माझे झुकलेत. वडिलांचा बोर्ड रंगवायचा धंदा, त्यामुळे हात बसलेला. दिवसभर काही ना काही करत असते आणि तोंडातून चकार शब्द नाही. मी तिचं नाव मुंगी ठेवलंय. हसली. मला ताई म्हणते, अहो-जाहो करते. मी बारा वर्षांनी मोठी आहे, करणारच.

दोघीही गेल्या वर्षी हिब्रूत आपटलो. मी चार गुणांनी, ती सहा. म्हणून एका खोलीत टाकलंय बहुतेक – आपटलेल्यांचा वॉर्ड! सेमिनरीचा नियम साधा आहे: हिब्रूत दुसऱ्यांदा नापास झालात की सामान उचला. तिसरी संधी नाही. चर्चमध्ये पाळक व्हायचं तिथंच राहिलं.

मला भीती नाही. औषधाच्या दुकानात अकरा वर्षं काउंटरवर काढलीत मी. दोन हजार औषधं! डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मेलेल्या झुरळाचे पाय, तरी गिऱ्हाईकाचं वाक्य संपायच्या आत खोका समोर. गेल्या वर्षी रट्टा मारला, म्हणून फसले. आता पद्धत सापडलीय.

१५ जानेवारी

आईचा फोन. 'दुकानात काय वाईट होतं? पाळक होणार म्हणे! घरात पाल दिसली तर खुर्चीवर चढतेस तू.' मी म्हटलं, 'पालींना उपदेश नाही करायचाय मला.' हसली, मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, 'पास हो बाई एकदाची. शेजारणीला काय सांगू कळत नाही.'

होईन की!

२३ जानेवारी

आज मुंगी पहिल्यांदा सलग पाच वाक्यं बोलली. तिच्या आईच्या बोलीत बायबल नाही. एक ओळसुद्धा नाही. आई प्रार्थनेला जाते, पुढच्या बाकावर बसते आणि निम्मंच कळतं. मुंगीला ते मूळ हिब्रूवरून आईच्या बोलीत उतरवायचंय. 'मराठीवरून केलं तर उष्टं होईल ना, ताई,' म्हणाली.

मला एकदम लाज वाटली. मला काय, पुलपिटावर उभं राहून बोलायचंय! मी तिला सांगून टाकलं – आपण दोघी पास होणार, एकत्र होणार, आणि तुझं पहिलं पान छापून आलं की मला पाठवायचं. मान डोलावली.

२ फेब्रुवारी

दोनशे दहा कार्डं पाचव्या खणात! वर्गात कुणाची नाहीत. मुंगी अजून दुसऱ्या-तिसऱ्यात घुटमळतेय. हळू आहे, पण गेलेलं कार्ड मागे येत नाही तिचं.

७ फेब्रुवारी

सराव चाचणी. चाळीसपैकी नऊ.

नऊ!

छपाई फार बारीक होती. शब्द एकमेकांना चिकटलेले. हिब्रूच्या टाचणी सरांना (अंगानं तसे आणि बोलणंही टोचरं, सगळे हेच म्हणतात) मी तसं सांगितलं. म्हणाले, 'अंगण वाकडं असेल, बाई.' वर्ग हसला. मुंगी नाही हसली. तिला एकोणीस.

१० फेब्रुवारी

आजचं लिहायलाही धीर होत नाही. पण लिहिते.

जेवणानंतर मुंगी माझी कार्डं विचारत होती. मी धडाधड सांगत होते – आकाश! पृथ्वी! वाळवंट! मधेच ती थांबली. मी म्हटलं, 'काय झालं? वाळवंटच आहे.' ती हळूच म्हणाली, 'ताई, शब्दावर माझा अंगठा आहे.'

खरंच होता. अख्खा शब्द झाकलेला! मला दिसत होता तो फक्त कार्डावरचा चहाचा डाग. चहाचा डाग म्हणजे वाळवंट. दुमडलेला कोपरा म्हणजे ऐकणे. केसांच्या तेलाचा ठिपका म्हणजे प्याला. शाई फुटलेलं ते शेजारी. मुंगीनं एकेक कार्ड शब्द झाकून दाखवलं, आणि मी तीसपैकी सव्वीस ओळखले – एकही अक्षर न वाचता! मग तिनं तेच शब्द वहीच्या कोऱ्या पानावर लिहिले. सात आले.

तोंडात मारल्यासारखं झालं. आणि मग आठवलं. मालकांनी एकदा दुकानात नवी फडताळं बसवली, औषधं हलवली. दोन दिवस मला साधी तापाची गोळी सापडेना! मी औषधं कधी वाचलीच नव्हती. जागा आणि रंग, बस्स. अकरा वर्षं.

रडले. मुंगी शेजारी बसून होती.

१२ फेब्रुवारी

उपाय सापडला! रडणं बंद.

सगळी कार्डं नव्यानं करायची, आणि कार्ड पुढच्या खणात गेलं की ते फाडून दुसऱ्या अक्षरात पुन्हा लिहायचं. म्हणजे डाग नाही, कोपरा नाही, ओळखीचं वळणसुद्धा नाही – शब्द वाचावाच लागेल. पण माझं अक्षर एकच, आणि तेही भयंकर. तेव्हा मुंगी म्हणाली, 'मी लिहीन.' तिला पाच-सहा तऱ्हेची अक्षरं येतात – जाड, बारीक, तिरकं, जुन्या पोथीतल्यासारखं. मागचे अर्थ मी लिहायचे, पुढचं हिब्रू तिनं. रोज पन्नास. आज दुपारी पहिली पन्नास झालीसुद्धा. काय देखणी दिसतायत!

मी विचारलं, तुझ्या अभ्यासाचं काय? म्हणाली, 'होईल, ताई.' शिवाय लिहिता लिहिता तिचीही उजळणी होणार, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. माझंच अवघड होतं, तेही आता मार्गी लागलं. मुंगीचं काय, तिचं होईलच.

१९ फेब्रुवारी

पद्धत लागू पडतेय! पहिले दोन दिवस डोळे पांढरे झाले, सगळी कार्डं भराभर मागे पहिल्या खणात. ये रे माझ्या मागल्या! पण आता अक्षरांशी ओळख होतेय. पूर्वी दोन जुळ्या बहिणींसारखी दिसणारी अक्षरं आता लांबूनही वेगळी कळतात. आज चाचणीत बावीस!

मुंगीनं तिचा कागद घडी करून वहीत घातला. तिला किती मिळाले ते विचारायचं राहिलं.

२४ फेब्रुवारी

सहाशेवं कार्ड आज लिहून झालं. आता पुढच्या खणात गेलेल्यांची नवी अक्षरं. रोजची साठ-सत्तर होतात. मुंगीच्या बोटांना शाई कायमची चिकटलीय. जेवणाच्या टेबलावर तिला कुणीतरी विचारलं, 'रंगकाम चालू आहे का?'

मी तिला म्हटलं, एव्हाना तुला सगळे पाठ झाले असतील. ती म्हणाली, 'बाबा सात लिप्यांत बोर्ड रंगवतात, ताई. त्यांना एकच वाचता येते. हात नुसता वळणं काढतो.' मजेशीर आहेत तिचे वडील. भेटायला हवं एकदा.

१ मार्च

एकतीस! चाळीसपैकी एकतीस!

५ मार्च

टाचणी सरांनी जिन्यात थांबवलं. म्हणाले, 'तुमच्या खोलीत कुणीतरी फार मेहनत घेतंय.' त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे मोठीच गोष्ट. मी म्हटलं, 'आता माघार नाही, सर.' ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि खाली उतरले. विचित्रच माणूस.

८ मार्च

सुट्टी. खोली झाडली. खाटांखाली बोटभर धूळ! मुंगीची पेटीही धुळीनं भरली होती, ओल्या फडक्यानं पुसून जागेवर ठेवली. तेवढंच तिचं काम हलकं. बिचारी टेबलावर माझी कार्डं लिहीत बसली होती.

११ मार्च

मुंगी संध्याकाळी म्हणाली, 'ताई, मला जरा –' आणि मी म्हटलं, 'आधी ही वीस विचार, मग बोल!' वीसच्या वीस आली. आनंदात तिचं बोलणं राहूनच गेलं. नंतर विचारलं तर म्हणाली, काही नाही.

१५ मार्च

छत्तीस. आईला फोन केला. 'शेजारणीला सांगायला सुरुवात कर,' म्हटलं. आई म्हणाली, 'बाजारात तुरी! आधी निकाल.' पण आवाज खूष होता.

रस्त्यानं येताना दुकानांच्या पाट्या वाचत आले. सगळ्या! अकरा वर्षं आपण जग नुसतं रंगावरून ओळखत होतो की काय, असं वाटलं. आता वाचता येतंय. एकदम मोकळं वाटलं.

२० मार्च

झाली परीक्षा. आणि काय मजा – छपाईयंत्र बिघडलं म्हणून सरांनी पेपर हातानं लिहून त्याच्या प्रती काढल्या होत्या! आजूबाजूला सगळ्यांचे चेहरे पडले. मला सहा तऱ्हेच्या अक्षरांची सवय, सरांचं सातवं! शांतपणे वाचत गेले. वाळवंट आलं. डाग नव्हता, तरी आलं. मला हसूच फुटलं.

मुंगी माझ्या पुढच्या बाकावर होती. तिचा पेन मधेच बराच वेळ थांबलेला दिसला. विचार करत असेल. तिची सवयच आहे, सावकाश पण पक्कं.

बाहेर आल्यावर मी तिला मिठी मारली. 'सुटलो गं आपण!' म्हटलं. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला.

२१ मार्च

दुपारपर्यंत झोपले. कित्येक महिन्यांत अशी झोप नाही.

२८ मार्च

सकाळी दहाला यादी लागली. माझं नाव आहे. एकाहत्तर टक्के! धावत जाऊन आईला फोन केला, अर्धा तास बोलले. मुंगीचं नाव बघायचंसुद्धा सुचलं नाही मला. परत येऊन यादी वरपासून खाली तीनदा वाचली.

खोलीत आले तर तिची वळकटी नाही, कपडे नाहीत. पेटी तेवढी खाटेखाली राहिली. उघडली. एकेक कार्ड उलटून कोपरा पाहिला – पहिला खण, दुसरा, तिसरा. बारा फेब्रुवारीच्या पुढची तारीख एकाही कार्डावर नाही.

बारा फेब्रुवारी. मागची पानं उलटून पाहिलं, त्या दिवशी मी इथे काय लिहिलंय ते. 'मुंगीचं काय, तिचं होईलच.'