शून्याखालच्या कर्मचाऱ्यास हजर समजण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
पाणीपुरवठा तक्रार विभाग, तिसरा मजला.

विषय : भिंतीवरील आलेखात दिसत नसला तरी अर्जदार कामावर येत असल्याबाबत.
संदर्भ : आपले परिपत्रक, 'आलेखात न दिसणारे कर्मचारी गैरहजर समजून त्यांची सेवा महिनाअखेर संपुष्टात आणणे.'

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार, म्हणजे खिडकीजवळच्या टेबलाचा कंत्राटी लिपिक, आपल्यापुढे हात जोडून उभा आहे. उभा आहे हे मुद्दाम लिहिले, कारण परिपत्रकानुसार तो नाही.

१. आपल्या दालनाबाहेरील पडद्यावर प्रत्येकाच्या नावावर कामाचा एक खांब दिसतो. तक्रार मिटवली की खांब चढतो. मिटलेली तक्रार पुन्हा उघडली की उघडणाऱ्याचा खांब उतरतो, आणि ती दुसऱ्यांदा मिटवल्याचे गुण नाहीत. आलेख शून्यापाशी संपतो. त्याखाली कोणी घसरल्यास खांबाऐवजी खालच्या दिशेचा लाल बाण येतो व शेजारी 'खाली आणखी आहे' अशी अक्षरे उमटतात.

२. महिन्याच्या पहिल्याच सकाळी अर्जदाराने चुकून मिटवली गेलेली एक तक्रार उघडली आणि त्याच्या नावाखाली बाण आला. ती अक्षरे आकड्यांविषयी आहेत, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. अर्जदारास तो आपला आदेश वाटला. तळमजल्यावर आणखी काम आहे, असा अर्थ लावून तो तडक जिना उतरला.

३. तळमजल्यावर अभिलेख कक्ष आहे. तेथील ताईंना 'खाली आणखी आहे म्हणतात, खरं का?' असे विचारता, 'अहो, आहे म्हणजे काय, ढीग पडलाय!' असे म्हणून त्यांनी एक गठ्ठा पुढ्यात आदळला. त्यात कागदावर मिटलेल्या, पण नळाला थेंब नसलेल्या तक्रारी निघाल्या. अर्जदाराने त्या उघडल्या, दुरुस्तीवाल्यांचे हातपाय धरले, घरोघरी पाणी आणवले. वर येऊन पाहतो तो बाण तसाच! साहेबांचे अजून समाधान नाही, असे समजून तो पुन्हा खाली गेला. असे रोज चालले. गुडघे कुरकुरू लागले, पण छाती फुगली होती. अख्ख्या कार्यालयात आदेश फक्त त्याच्याच नावाखाली येत होता ना!

४. शेजारचे सहकारी, ज्यांचा खांब पडद्याच्या वरच्या कडेला टेकल्याने आम्ही त्यांना 'मनोरा' म्हणतो, ते अर्जदार जिन्याकडे निघाला की खोकल्याचे निमित्त करून हसत. ते जळतात, असे अर्जदारास वाटे. शेवटी संगणक विभागातील मुलीला दया आली. ती म्हणाली, 'काका, काम खाली नाहीये. तुम्ही खाली आहात.' धरणीने पोटात घेतले तर बरे, असे अर्जदारास झाले. घरी हे सांगताच पत्नी जी हसत सुटली, ती आपले परिपत्रक वाचूनच थांबली. घरात दुसरा पगार नाही. अर्जदारास भीती वाटते, हे तो स्पष्टच लिहितो.

५. अर्जदाराच्या अकलेबाबत त्याचे आणि आपले एकमत आहे. परंतु तो गैरहजर नाही. बाण खाली दाखवतो, त्या अर्थी खाली कोणीतरी असणारच. काल उतारावरच्या गल्लीतील एका आजींनी नळाला पाणी आल्याचे फोनवर कळवले व हे कोणी केले, असे विचारले. 'मनोरा' यांनी खोकत का होईना, अर्जदाराचे नाव सांगितले. हा हजेरीचा पुरावा धरावा.

सबब विनंती अशी की, अर्जदाराचा खांब वर चढवू नये, गुणही देऊ नयेत. आलेखाची पट्टी तेवढी शून्याखाली वाढवावी, म्हणजे तो जिथे आहे तिथे दिसेल. मात्र ती जरा ऐसपैस वाढवावी. ताईंनी आज दुसरे कपाट उघडले आहे, आणि त्यातही कोरडेच नळ आहेत.

आपला नम्र व उणे असला तरी हजर,
(सही)
कंत्राटी लिपिक, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : चालू महिन्याची एकवीस

सोबत : पडद्याचे छायाचित्र. बाणाशेजारी उभा असलेला इसम अर्जदारच आहे.