एका पुस्तकाचे दोन विद्यार्थी

कोयनानगर,
१७ नोव्हेंबर १९९६

चि. स्वप्नास,
आण्णाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. मी खुशाल, तुझी खुशाली कळवणे.

मुक्त विद्यापीठाचं पार्सल आलं. तुलाही पोचलं असेल. आपण दोघांनी यंदा अर्थशास्त्र हा एकच विषय घेतला ते शहाणपणाचं झालं. छप्पन्नाव्या वर्षी मला याहून जास्त झेपलं नसतं. पुस्तक झकास आहे. मला अहो-जाहो करतं. वर्कशॉपमध्ये एवढी वर्षं काढली, पण कुठल्या साहेबानं असं केलं नाही.

एक अडचण आहे. प्रत्येक धड्याच्या शेवटी लिहिलंय, 'आपल्या सहाध्यायींशी चर्चा करा.' इथं कुणाशी करू? आपल्या रांगेतली क्वार्टर्स एकेक करून रिकामी होत चाललीत. काल शेजारच्या हरणाबाई कालवण द्यायला आल्या, तर त्यांनाच मागणीचा नियम सांगायला घेतला. आवं भाऊ, गरम हाय तवर खावा, म्हणाल्या आणि निघून गेल्या. तुझी आई असती तर निदान भांडली तरी असती. ती जाऊन दोन वर्षं झाली, पण संध्याकाळी कुणाशी बोलायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

म्हणून चर्चा तुझ्याशी. एक धडा वाचायचा, की त्यावर एक पत्र. उशीर चालणार नाही.

वेळेवर जेवत जा, आणि बापावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
आण्णा

आरोग्य उपकेंद्र, ता. जत,
५ डिसेंबर १९९६

ती. आण्णांस,
स्वप्नाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. मास्तर झालात की काय? उशीर चालणार नाही म्हणे!

इथं दिवसभर माणसं येतात, पण सुई टोचून घेतली की जातात. निम्मं बोलणं कानडीत चालतं. मी हसून मान हलवते. संध्याकाळी खोलीचं दार लावलं की दुसऱ्या सकाळपर्यंत माझाच आवाज मला ऐकू येत नाही. त्यामुळं तुमचं पत्र हाच माझा वर्ग, असं समजा.

आता चर्चा. पुस्तक म्हणतं, पाणी निसर्गात मुबलक असतं, म्हणून त्याला किंमत नसते. लिहिणाऱ्यांना एकदा मार्चमध्ये जतला आणलं पाहिजे. टँकर आल्यावर इथल्या शालूबाईंच्या हंड्याला नुसता हात लावून दाखवा म्हणावं! तुम्ही काय, धरणाशेजारी राहणारे श्रीमंत. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहायचं. तुम्ही वाद घालाल म्हणून आधीच बजावते.

आईची फार इच्छा होती, तुम्ही पदवीधर व्हावं अशी. मला ती नेहमी म्हणायची, तुज्या बापाला डोस्कं हाय, पर संधी न्हाई घावली. तेव्हा मन लावून वाचा. स्वेटर घालताय ना?

मायेची पाखर असू द्यावी.
आपली,
स्वप्ना

कोयनानगर,
९ फेब्रुवारी १९९७

चि. स्वप्नास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पाचवा धडा झाला. या पुस्तकातल्या एका वाक्याला माझी सक्त हरकत आहे. कुठलाही नियम सांगताना ते म्हणतं, 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास.' अरे, कुठं राहते? परवाच पहाटे जमीन हलली, फळीवरची भांडी खाली आली. नेहमीचंच आहे, काळजी करू नकोस. पण भांडी गोळा करताना सवयीनं तुझ्या आईला हाक मारली गेली.

परीक्षेचं केंद्र मी सांगली घेतलंय, तूही तेच घे. पेपर अठरा मेला, रविवारी. दिवाळीनंतर तुझं तोंड पाहिलेलं नाही. पेपर झाला की भडंग घेऊन कृष्णेच्या घाटावर बसू, आणि काय बरोबर काय चूक यावरून भांडू. मी दिवस मोजत नाही, पण कॅलेंडर भिंतीवर समोरच लावलंय.

आहे तशीच राहा.
तुझा,
आण्णा

उपकेंद्र,
१७ मे १९९७

ती. आण्णांस, जयभीम.

घाईत लिहिते. गावात गॅस्ट्रोची साथ आली आहे. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. साहेबांची विनवणी केली, पण खरं सांगायचं तर त्यांनी सोडलं असतं तरी माझा पाय निघाला नसता. शालूबाईंची नात सलाइनवर आहे.

गावातला धुळा उद्या सांगलीला निघालाय, त्याच्या हाती हे देते. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा आणि परीक्षा केंद्राच्या फाटकात उभं राहून रस्त्याकडे बघणारा माणूस शोध, म्हणून सांगितलंय.

आण्णा, फार वाईट वाटतंय. पण तुम्ही पेपर द्या. आईसाठी पास व्हा. तुम्ही पुढं जा, मी येते मागून.

रागावू नका, एवढंच मागणं.
आपली,
स्वप्ना

कोयनानगर,
२० मे १९९७

चि. स्वप्नास,
आण्णाचा जयभीम व आशीर्वाद.

शालूबाईंची नात कशी आहे ते आधी कळव. तू थांबलीस ते योग्यच केलंस.

धुळानं मला लगेच ओळखलं. शिस्टरबाईचं वडील न्हवं तुमी, म्हणाला, चिठ्ठी दिली आणि गेला.

आपले नंबर एकाच बाकावर होते. तुझ्या जागेवर कुणी बसलं नाही. पेपर सोपा होता. सगळं येत होतं. दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. देखरेखीचे सर आले, काका, येत नाही का, म्हणाले. येतंय, म्हटलं. मग लिहा की, म्हणाले. मी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. त्यांना काय समजलं कोण जाणे. पुढच्या बाकाकडं वळले. वेळ संपल्यावर दोन ओळींचा पेपर देऊन एस.टी. धरली.

चिडशील. चीड. पण मी पास झालो असतो तर माझ्याकडं दुसऱ्या वर्षाचं पुस्तक आलं असतं आणि तुझ्याकडं हेच राहिलं असतं. मग आपण एकमेकांना काय लिहिणार होतो? जेवलात का, जेवलो. बरं आहे, बरं आहे.

आणि दुसरं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यात मी रात्रभर बसतो म्हणालो, तर तुझी आई म्हणाली, तुमी व्हा म्होरं घरला, मी येतेच मागनं. मी तिचं ऐकलं. घरी येऊन चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं आणि वाट बघत बसलो.

म्हणून, पोरी, मला पुढं जा म्हणू नकोस. ऑक्टोबरला परत परीक्षा आहे. पहिल्या धड्यापासून सुरुवात करू. मला त्या पाण्याच्या प्रश्नावर अजून वाद घालायचाय.

पत्र लवकर टाक.
तुझ्याच वर्गातला,
आण्णा