विचारा, रागावणार नाही

शनिवार, ७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर चर्चचं नाव काढलं की नेमकी तुझ्या दाराची बेल वाजते, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही.

बातमी अशी, की तुझी ताई रस्त्यावर आली! आमच्या चर्चमधले आम्ही चार साधे लोक, ना फादर ना सिस्टर, आता दर शनिवारी बाजाराच्या तोंडाशी टेबल मांडून बसणार. पाटीवर लिहिलंय: कॅथलिक श्रद्धेबद्दल काहीही विचारा, रागावणार नाही. फादरांचे नियम आहेत. कुणाला हाका मारायच्या नाहीत, वाद घालायचा नाही, आणि ठाऊक नसेल तर सरळ ठाऊक नाही म्हणायचं.

आज पहिला दिवस. मला रिकाम्या हातांनी बसवत नाही, म्हणून गायकमंडळाचे झगे टीप मारायला नेले आणि त्यातला एक पाटीवरच टाकला. झालं! लोकांना वाटलं, शिंपीणबाईंनी दुकान थाटलं. एकाने बॅगेची चेन पुढे केली, एकीने कोटाचं बटण. आमचे रिटायर्ड गणिताचे मास्तर ग्रंथ उघडून ताटकळत बसले आणि गर्दी सगळी माझ्याकडे. शेवटी चेनवाल्याला पाटी दिसली. त्याने विचारलं, की पापं थेट देवाला न सांगता फादरला कशाला सांगता? मी म्हटलं, पाठीवरची उसवण आपली आपल्याला दिसते का? कुणाला तरी दाखवावीच लागते. माफी देवाचीच, पण ती आपल्या कानांनी ऐकायला मिळते. मास्तरांनी ते लगेच टिपून घेतलं.

हसरी देवाघरी गेल्यापासून तू चर्चची पायरी चढलेला नाहीस. तुझी बायको होती, पण माझीही मैत्रीण होती रे. आग्रह करत नाही, फक्त वाट बघते.

जेवण वेळेवर घे. पाकिटात माझी माया पाठवते आहे, पोचली की कळव.

तुझी ताई


गुरुवार, १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, मायाही पोचली. लहानपणी पाहुणे आले की पलंगाखाली लपणारी तू, आणि आता भर बाजारात बसतेस! मला मात्र त्यात ओढू नकोस. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, थंडच बरा.

पण काहीही विचारा म्हणता, तर विचारतो. हसरीच्या आजारपणात तू प्रार्थना केलीस, मी केली, अख्ख्या चर्चने केली. फ्रिज बंद पडला तर मला कारण सापडतं. देवाने ऐकलं का नाही, याचं कारण कुणाकडे आहे? मला फार राग आहे, ताई, आणि तो कुठे ठेवायचा तेच कळत नाही. मास्तरांना विचारून उत्तर पाठवू नकोस. तुझं तू लिही.

लोभ असू दे, उपदेश नको.

धाकटा


मंगळवार, १७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ठाऊक नाही.

नियमाप्रमाणे इथेच थांबायला हवं, पण माझी जीभ तुला माहीत आहे. हसरी गेल्यापासून मीही देवाशी भांडतेच आहे. फक्त भांडायला त्याच्या घरी जाते. क्रुसावर त्याच्या मुलानेही, येशूनेही, मला का सोडलंस म्हणून विचारलं होतं, एवढं मला माहीत आहे. त्यापुढचं मला येत नाही. आणि पाटीवर आम्ही रागावणार नाही असं लिहिलंय, विचारणाऱ्याने खुशाल रागवावं.

बाकी टेबल जोरात चाललंय. मास्तर आता सुईत दोरा ओवून देतात. पण टेबलाचा एक पाय असा डुगडुगतो, की शनिवारी चहा ग्रंथावर सांडला. अवजारं घेऊन येशील? टेबल रस्त्यावर आहे, चर्चमध्ये नाही.

प्रेम आहे तसंच ठेव आणि पाना विसरू नकोस.

तुझी ताई


रविवार, २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तू दोरा आणायला गेलीस ती गेलीसच. मास्तर आणि बाकीचे दोघे चहाला गेले. टेबलाचा पाय घट्ट करून मी जरा खुर्चीत टेकलो, तो बरोबर पाटीशेजारी. एक माणूस समोर येऊन बसला आणि विचारू लागला, की आईसाठी इतकी प्रार्थना केली, तरी ती गेली, असं का? पळायला वाव नव्हता. मी म्हटलं, ठाऊक नाही, माझी बायकोही अशीच गेली. मग तो आईबद्दल बोलत राहिला आणि मी हसरीबद्दल. ती गेल्यापासून तिच्याबद्दल मी कुणाशी बोललोच नव्हतो. राग गेला नाही, ताई, पण हलका झाला.

जाताना त्याने विचारलं, की एवढं होऊनही तुम्ही चर्चला जाता? माझ्या तोंडून निघून गेलं, हो, दर रविवारी. तर म्हणाला, मग पुढच्या रविवारी मीही येतो, तुमच्याच शेजारी बसतो! तू परत आल्यावर माझा चेहरा बघून काय झालं म्हणून विचारत होतीस ना? हे झालं.

आता खोटं निस्तरायला येणं भाग आहे. पाठीवरची उसवण दाखवायची रांग कुठे लागते, तेही कळव. लोभ आहेच, शिवाय दोन जागा धर. एक त्या माणसाला, आणि खिडकीजवळ हसरी बसायची ती मला.

तुझा धाकटा