कालुपालिकच्या झोळीत

३ एप्रिल
पोचले एकदाची! विमानतळावर सहकारी चित्रशाळेचा कारभारी सालोमोनी स्वतः न्यायला आला होता. माझी पेटी उचलताना म्हणाला, बाई, दगड भरून आणलेत की काय, इथे दगडांना तोटा नाही. खोली उबदार आहे, खिडकीतून गोठलेली खाडी दिसते. शेजारच्या आलासीने गोठवलेला मासा चिरून ठेवला होता, तो पोटभर हाणला. तिचे दिवस भरत आलेत. काम माझ्या आवडीचं: जुन्या कथा चित्रांतून कागदावर उतरवायच्या, खाली चित्राचं नाव घालायचं. मग सालोमोनी त्या दगडावर कोरून छापणार. आई गेल्यापासून पहिल्यांदाच हात शिवशिवतायत.

आई म्हणजे माझी लेक. माझी आई वारली त्याच हिवाळ्यात ही जन्मली, नीवियाक हे तिचंच नाव हिला मिळालं. म्हणून मी लेकीला आई म्हणायची आणि ती मला पोरी म्हणून दटावायची. गेल्या वसंतात खेळता खेळता भेगेतून बर्फाखाली गेली. सहा वर्षांची होती माझी आई.

९ एप्रिल
सालोमोनीला कालुपालिक हवी आहे: बर्फाखाली राहणारी, काठाशी आलेली पोरं पाठीवरच्या झोळीत घालून नेणारी. बाहेरच्या लोकांना ती फार आवडते म्हणाला, त्यांची पोरं नेत नाही ना! मी हसले, आणि हसता हसताच रडू फुटलं. तरी काढली. झोळीत कोणाला बसवलं हे वेगळं सांगायला नको.

१४ एप्रिल
आलासीला मुलगा झाला. सारखा रडतोय. म्हाताऱ्या म्हणतात, कोणा गेलेल्याचं नाव मागतोय. आलासी चाचरत आली. म्हणाली, मावशी, नीवियाकचं नाव द्या ना याला, नावाला मुलगा-मुलगी नसतं, तिलाही घर मिळेल, तुम्हालाही पुन्हा कोणाला तरी आई म्हणता येईल. मी साफ नाही म्हटलं. माझ्याजवळ लेकीचं तेवढंच उरलंय, तेही वाटून टाकू? ती गेल्यावर रागारागाने चित्राखाली तेच नाव लिहिलं.

१७ एप्रिल
चित्राखालची जमीन ओली. बोट लावून चाखलं, खारट. सालोमोनी म्हणतो छप्पर गळत असेल. या थंडीत?
चित्रातली झोळी रिकामी आहे.
नाव मी कालुपालिकच्या पायाशी लिहिलंय. ज्याला नाव द्यावं त्याच्यात ते माणूस परततं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. आणि मी ते कोणाला दिलं!

१८ एप्रिल
धावत आलासीकडे गेले. घे बाई, नाव घे म्हटलं. बाळाच्या कानात पुन्हा पुन्हा सांगितलं. ते रडतच राहिलं. तिची सासू म्हणाली, हे नाव आता मोकळं नाही गं, त्यात कोणीतरी नांदतंय. तिने आपल्या वारलेल्या नवऱ्याचं नाव दिलं. बाळ लगेच झोपलं.
मी घरी कशी आले—

१९ एप्रिल
नाव खोडायला गेले. कागद कोरा. कालुपालिक नाही, नावही नाही.
खाडीच्या बर्फाखाली टकटक. दुपारपासून. जवळ येतेय.

२० एप्रिल
दाराशी आहे. पोरी म्हणते. पोरी, दार उघड, गारठले गं—
ही माझी लेक नव्हे. कळतंय मला. आवाजात पाणी आहे—
पण नाव मीच दिलं. आता जगात मला पोरी म्हणणारं दुसरं कोणी—
किती वेळ उभी ठेवू तिला—
आले, आई, आले, दार उघडते—