दाजींच्या नाकाची परीक्षा

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली अर्धाच वाकतो, उरलेला समजून घ्यावा). खोकला कसा आहे? जिना चढताना अजूनही मधल्या वळणावर थांबून भिंतीचा रंग तपासत असल्याचं सोंग करता का? मागच्या पत्रात तुम्ही ताईच्या हाताची चव गेल्याची तक्रार केली होतीत आणि दोघांत अबोला असल्याचंही लिहिलं होतंत. मीही शहाण्यासारखं ‘वय झालं की बायकांचं मीठ-तिखटाचं गणित चुकतं’ असं उत्तर धाडलं. ते पत्र ताईच्या हाती लागलं नसेल तर कृपा करून फाडून टाका.

इकडची हकिगत अशी की, नव्या साइटवर मला रंगाच्या कामावरून काढून स्टोअरवर बसवलंय. वर सुरक्षा अधिकारी बाई आहेत, वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण नजर अशी की झाकण सैल असलेला डबा आपोआप घट्ट व्हावा. प्रत्येक डब्यावर लेबल हवं, त्यावर आत काय आहे आणि अंगावर सांडलं तर काय करायचं ते लिहिलेलं हवं. फरशी धुण्याचं ॲसिड एका टोकाला, थिनर दुसऱ्या टोकाला, जसं काही दोघांचं सात पिढ्यांचं वैर. मूळ डब्यातलं दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही आणि खाण्यापिण्याचं काही आत आणायचं नाही. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात पोट धरून हसलो.

का हसणार नाही, दाजी? ताईचं लग्न झाल्यावर तुम्ही मला कामाला नेलंत तेव्हाचं आपलं स्टोअर आठवतं ना? जिन्याखालची ती खोली, फळीवर सरबताच्या, औषधाच्या, केसांच्या तेलाच्या बाटल्या, आणि एकीतही सरबत, औषध किंवा तेल नाही. तुम्ही डोळे मिटून झाकण उघडायचात, एकदाच हुंगायचात आणि सांगायचात, “हे टर्पेंटाइन. हे थिनर. हे ॲसिड, लांब हो.” सगळी साइट तुमच्या नाकाला मानायची. मला तुम्ही तेच शिकवलंत, आणि वर्षभरात मीही तुमच्या खालोखाल नाकवाला झालो. थिनरने हात धुऊन आपण त्याच हातांनी डबा खायचो. संध्याकाळी ताई दारातच आपल्याला अडवायची, “आधी अंघोळ, मग घर!” अजूनही कुठे ताज्या रंगाचा वास आला की मला ते दार आणि पदर नाकाला लावलेली ताई आठवते. म्हणजे, आठवायची. त्याचंच सांगतोय.

मंगळवारी दुपारी मी जुन्या सवयीने दोन गुन्हे एकदम केले. दरवाजांचं उरलेलं पॉलिश पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं, आणि तसल्याच दुसऱ्या बाटलीत माझा कोरा चहा. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही तपकिरी, लेबल एकीलाही नाही. नेमक्या बाई आल्या. मागे सुतार, फरशीवाले, असे सातआठ जण. बाईंनी विचारलं, “काका, यात काय आहे?” मी म्हटलं, एकीत चहा, एकीत पॉलिश. “कुठल्या बाटलीत काय?” आता एवढ्या लोकांसमोर प्रश्न माझा नव्हता, तुमच्या नावाचा होता. मी छाती फुगवून सांगितलं की आमच्या दाजींच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला लेबल लागत नाही. डोळे मिटले, एक बाटली हुंगली, “हा चहा!” म्हणून जाहीर केलं आणि ऐटीत तोंडाला लावली.

बाईंनी असा फटका मारला की बाटली उडून फरशीवर पडली. सगळे नाक दाबून बाहेर पळाले. कुणी खिडक्या उघडल्या, कुणी वाळूची बादली आणली, सुतार तर उलटीच्या बेतात होता. मी एकटा त्या डबक्यात उभा राहून विचारत होतो की झालं काय, चहाच तर सांडलाय! (बुटांचा रंग अजून गेलेला नाही.) मला वाटलं, आता नोकरी गेली. पण बाईंनी मला हाताला धरून बाहेर नेलं, तोंड धुवायला लावलं आणि हळूच विचारलं, “काका, वास येणं कधीपासून बंद झालंय?” मी म्हटलं, सर्दी आहे. सर्दी नव्हती, दाजी. मला आठवेना कधीपासून. मग घरी ताट पुढे आलं, मी घास घेतला आणि तुमचं पत्र आठवलं. चव ताईच्या हातातून गेलेली नाही.

तुम्ही मला काय काय दिलंत याचा विचार करतो तेव्हा डोळे भरून येतात, आणि हेही तुमच्याकडूनच मिळालं असेल तरी तुमच्यावर राग येत नाही. असं हुंगून हुंगून नाक जातं, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
दोन नंबरचा नाकवाला

ता. क. सोबत एक छोटी बाटली पाठवतोय. आत निरुपद्रवी वस्तू आहे, बाईंनी स्वतः तपासून लेबल लावलंय. लेबलावर मी कागद चिकटवलाय. कागद न काढता हुंगा आणि काय आहे ते कळवा. ओळखलंत तर पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही.

ता. क. २. ताईला विचारायचं नाही. आमच्या हिने बंद झाकणातून, स्वयंपाकघरात बसून ओळखलं.

ता. क. ३. नाही ओळखलंत तर आधी ताईची माफी मागा, मग गुरुवारी सकाळी नऊला मोठ्या दवाखान्यात या. छातीचे आणि नाकाचे, दोन्ही डॉक्टर असतात. आपल्या दोघांचेही नंबर लावून ठेवलेत. खरं सांगू का? नंबर आधी फक्त माझा लावला होता. एकट्याने जायची भीती वाटते, दाजी.